निवळ दिसतं म्हणून विरघळलेलं नसतं: एफजीएफ-२ साकळतं तेव्हा काय तपासावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापुरातल्या एका छोट्या प्रयोगशाळेत मधुमेहींच्या पायाच्या जखमेसाठी जेल तयार करण्याच्या दृष्टीनं एफजीएफ-२ (पेशींची वाढ घडवणारं प्रोटीन, म्हणजे एक वाढघटक; जुनं नाव बेसिक एफजीएफ) ई. कोलाय जिवाणूंमध्ये बनवलं जातंय. हेपारिन कॉलमवरून (प्रोटीन धरून शुद्ध करणारी नळी) ते स्वच्छ उतरतं. पीबीएसमध्ये (फॉस्फेट आणि मिठाचं उदासीन द्रावण) डायलिसिसला, म्हणजे जास्तीचं मीठ काढायला पटलाच्या पिशवीत, ठेवलं की सकाळपर्यंत पिशवी गढूळ झालेली असते. जे निवळ राहतं ते उणे २० अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं आणि वितळवलं की त्यात पांढरे तंतू दिसतात. गाळून घेतलेल्या द्रावणाची पेशींवरची क्रियाही अपेक्षेच्या निम्मीच येते. 'ट्वीन किती टाकावं?' असं तुम्ही विचारलंय. शेवटी, सोबत काम करणाऱ्यांचं बीएमपी-२ (हाड वाढवणारं प्रोटीन) पीबीएसमध्ये टाकताच दह्यासारखं होतं, त्याचं काय, असंही विचारलंय.

ट्वीनचं प्रमाण खाली दिलंय, पण आज ते टाकू नका. ट्वीन, म्हणजे पॉलिसॉर्बेट हे साबणासारखं रसायन, एका विशिष्ट प्रकारच्या साकळण्यावर चालतं आणि तुमच्या वर्णनात किमान तीन वेगळे प्रकार दिसतात. कोणता प्रकार किती आहे हे न बघता एकेक रसायन टाकत गेलात तर सहा महिन्यांनी हातात एक लांबलचक बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) असेल आणि त्यातलं काय उपयोगी पडलं ते सांगता येणार नाही.

प्रोटीन दोन पातळ्यांवर बिघडतं. पहिल्या पातळीवर त्याची घडी थोडी उलगडते, आत लपलेला तेलकट भाग बाहेर येतो आणि दोन रेणू त्या भागांनी चिकटतात. दुसऱ्या पातळीवर घडी शाबूत असते, पण रेणूंमधलं विद्युत प्रतिकर्षण कमी पडतं म्हणून ते जवळ येऊन जमतात. कढी करताना आपण बेसन लावतो, आच मंद ठेवतो आणि उकळी येईपर्यंत ढवळत राहतो, कारण ताकातलं प्रोटीन तापलं की फुटतं. दूध लिंबानं नासतं ते मात्र उष्णतेमुळे नव्हे. पीएच ४.६ च्या आसपास केसिनवरचा निव्वळ भार शून्य होतो आणि ते खाली बसतं. दोन्हीकडे साकाच दिसतो, पण कारण वेगळं आणि म्हणून उपायही वेगळा. वाढघटकांच्या औषधांमध्ये यात आणखी दोन कारणांची भर पडते: मोकळ्या सिस्टीनमधून (गंधक असलेलं अमिनो आम्ल) तयार होणारे डायसल्फाइड बंध आणि काच, प्लॅस्टिक, बुडबुडे, बर्फ यांचे पृष्ठभाग.

आता तुमच्या प्रोटीनकडे येऊ. १५५ अमिनो आम्लांचं, सुमारे १८ किलोडाल्टनचं एफजीएफ-२ अल्कधर्मी आहे. त्याचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला निव्वळ भार शून्य होतो) साडेनऊच्या वर आहे, म्हणजे पीएच ७.४ ला त्यावर भरपूर धन भार असतो. त्यामुळे 'पीएच समविद्युत बिंदूजवळ गेला म्हणून बसलं' हे स्पष्टीकरण इथं लागू पडत नाही. या प्रोटीनमध्ये चार सिस्टीन आहेत आणि नैसर्गिक रूपात त्यांचा एकही डायसल्फाइड बंध नसतो. १५५ च्या क्रमांकानुसार ७८ आणि ९६ या दोन सिस्टीन पृष्ठभागावर आहेत. दोन रेणूंच्या अशा सिस्टीन हवेतल्या ऑक्सिजननं, आणि त्याहून अधिक तांबं किंवा लोखंड यांच्या अंशांमुळे, एकमेकांना जोडल्या जातात. आधी डायमर (दोघांची जोडी) होतो, मग ट्रायमर (तिघांचा गट), मग गाळ.

पीएचचा इथला परिणाम आकड्यांत बघण्यासारखा आहे. सिस्टीनचा पीकेए (ज्या पीएचला निम्मे गट भारित होतात) साधारण ८.३ धरला तर पीएच ७.४ ला सुमारे ११ टक्के गंधक-गट भारित, म्हणजे बंध बनवायला तयार अवस्थेत असतात. पीएच ५ ला हे प्रमाण सुमारे ०.०५ टक्के उरतं. पीबीएस हे पेशींसाठी सोयीचं द्रावण आहे. मोकळी सिस्टीन असलेलं प्रोटीन त्यात रात्रभर ठेवणं म्हणजे साकळण्याला आपणच वेळ काढून देणं.

दुसरं संशयास्पद कारण बहुतेकांच्या लक्षात येत नाही, ते म्हणजे डीएनए आणि आरएनए. इतकं धनभारित प्रोटीन पेशी फोडल्यावर न्यूक्लिक आम्लांना घट्ट धरून बसतं. जास्त मिठात हा संयोग सुटा राहतो. हेपारिन कॉलमवरून प्रोटीन १.५ ते २ मोलर मिठाला उतरतं तेव्हा सगळं निवळ दिसतं. डायलिसिसमध्ये मीठ ०.१५ मोलरवर आलं की उरलेलं न्यूक्लिक आम्ल प्रोटीनला पुन्हा पकडतं आणि पिशवी गढूळ होते. म्हणून २६० आणि २८० नॅनोमीटरला प्रकाश शोषला जाण्याचं गुणोत्तर आधी बघा. शुद्ध प्रोटीनला ते ०.६ च्या आसपास असतं. तुमचं ०.९ किंवा १ येत असेल तर दोष बफरचा नाही, पेशी फोडण्याच्या पायरीचा आहे. हे मोजताना ३२० आणि ३५० नॅनोमीटरलाही वाचन घ्या. तिथं शून्याऐवजी काही आकडा येत असेल तर तो प्रकाश विखुरल्याचा आहे, आणि तुमचं २८० वरून काढलेलं प्रोटीनचं प्रमाण तेवढं फुगलेलं आहे. 'क्रिया निम्मी' या तक्रारीचा काही भाग इथंच सुटू शकतो.

गढूळ द्रावण फेकू नका. त्याचे पाच समान भाग करा, प्रत्येकी २०० मायक्रोलिटर पुरे. एकात मीठ १ मोलर करा. दुसऱ्यात डीटीटी (डायसल्फाइड बंध तोडणारं रसायन) १० मिलीमोलर घाला. तिसऱ्यात यूरिया ६ मोलर होईल अशी घट्ट भर टाका. चौथ्यात २ मिलीमोलर मॅग्नेशियम आणि बेंझोनेज (न्यूक्लिक आम्लं तोडणारं एन्झाइम) घाला. पाचव्यात तेवढंच नुसतं बफर. आकारमान सगळ्यांत सारखं ठेवा, नाहीतर विरलतेमुळे निवळलेलंही यश वाटेल. ४ अंशांवर दोन तास ठेवून ३५० नॅनोमीटरला वाचा, मग १५,००० जी वर दहा मिनिटं फिरवून निवळीतलं प्रोटीन मोजा. मिठात निवळलं तर भारांची ओढ आहे. मिठात आणि बेंझोनेजमध्ये दोन्हीकडे निवळलं तर न्यूक्लिक आम्ल. डीटीटीत निवळलं तर डायसल्फाइड. फक्त यूरियातच निवळलं तर घडी उलगडलेली आहे, आणि तो माल परत मिळवण्यात वेळ घालवू नये. दोन नळ्या अर्ध्या-अर्ध्या निवळल्या तर दोन्ही कारणं आहेत, आणि एफजीएफ-२ मध्ये तसं होणं स्वाभाविक आहे.

डायसल्फाइडची खात्री इलेक्ट्रोफोरेसिसच्या जेलवर (प्रोटीन आकारानुसार वेगळं करणारी चाचणी, जखमेचं जेल नव्हे) करा: एकच नमुना डीटीटीसह आणि डीटीटीविना. मात्र उकळण्याआधी नमुन्यात १० ते २० मिलीमोलर एन-इथाइलमॅलिमाइड (मोकळ्या सिस्टीन झाकणारं रसायन) घालून पंधरा मिनिटं थांबा. हे न केल्यास एसडीएसमध्ये उकळतानाच मोकळ्या सिस्टीन जोडल्या जातात आणि द्रावणात नसलेले डायमर जेलवर दिसतात. अर्थात डीटीटी घातलेल्या भागात हे घालायचं नाही. डीटीटीविना १८ च्या वर ३६ आणि ५४ ला पट्टे आणि डीटीटीसह ते गायब, असं दिसलं की शंका उरत नाही.

आता बनवण्याची पद्धत सुरुवातीपासून दुरुस्त करू.

पेशींना ३७ अंशांवर १ मिलीमोलर आयपीटीजी (प्रोटीन बनवणं सुरू करून देणारं रसायन) देणं हे गडबडीचं काम आहे. प्रोटीन इतक्या वेगानं तयार होतं की घडी पडायच्या आत शेजाऱ्याला चिकटतं. ओडी (पेशी किती दाट झाल्या याचं माप) ०.६ ते ०.८ ला तापमान १८ ते २० अंशांवर आणा, पेशी खरोखर थंड झाल्यावर ०.१ ते ०.२ मिलीमोलर आयपीटीजी द्या आणि रात्रभर ठेवा. मे महिन्यात सोलापुरात शेकरची खोली चाळिशीला टेकलेली असते आणि साधा शेकर फक्त तापवू शकतो, थंड करू शकत नाही. थंड करणारा शेकर नसेल तर तो प्रयोग थंडीच्या महिन्यांत किंवा वातानुकूलित खोलीत करा. डिस्प्लेवरच्या आकड्यावर विसंबू नका, फ्लास्कच्या आत थर्मामीटर बुडवून बघा. याच कारणानं 'खोलीचं तापमान' असं लिहिलेली पद्धत जशीच्या तशी वापरू नका. ती पद्धत २०-२२ अंशांच्या खोलीत बेतलेली असते. कॉलम थंड कपाटात चालवा.

पेशी फोडताना मीठ ०.५ ते ०.६ मोलर, ईडीटीए (धातू पकडून ठेवणारं रसायन) १ मिलीमोलर, डीटीटी २ मिलीमोलर ठेवा. बेंझोनेज वापरणार असाल तर त्याला मॅग्नेशियम लागतं, म्हणून ते काम आधी उरका आणि ईडीटीए नंतर घाला. डीटीटी रोज ताजं करा. अल्कधर्मी पीएच आणि उकाड्यात ते काही तासांतच निकामी होतं. हेपारिन कॉलमवर प्रोटीन चढवल्यावर ०.६ मोलर मिठानं दहा कॉलमभर धुवा आणि २६० चं वाचन तळाला येईपर्यंत धुणं थांबवू नका. इथं घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं.

पाण्याबद्दल स्वतंत्र सांगावं लागेल. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं. ऊर्ध्वपातनाच्या यंत्रात क्षार साचतात आणि जुन्या धातूच्या नळ्यांतून लोखंड-तांबं येतं. बफरसाठी १८.२ मेगाओह्मचं पाणी घ्या. डायलिसिसची पिशवी २ टक्के सोडियम बायकार्बोनेट आणि १ मिलीमोलर ईडीटीएमध्ये दहा मिनिटं उकळून, मग स्वच्छ पाण्यात धुऊन वापरा. तुमची पिशवी रात्रभरात गढूळ होते यात या धातूंचा वाटा असण्याची शक्यता मोठी आहे. एक सोपी पडताळणी करा: पीबीएस तोच ठेवून त्यात फक्त १ मिलीमोलर ईडीटीए घाला आणि सकाळी फरक बघा.

डायलिसिस पीबीएसमध्ये करूच नका. सुरुवातीला १० मिलीमोलर सोडियम सायट्रेट, पीएच ५, सुक्रोज ९ टक्के, ईडीटीए १ मिलीमोलर हे बफर घ्या. मीठ एका उडीत काढू नका: १ मोलर, मग ०.५, मग शेवटचं, प्रत्येकी तीन-चार तास. पीएच ४ च्या खाली मात्र जाऊ नका, तिथं या प्रोटीनची घडीच सैल होते.

गाळणीच्या नळीत घट्ट करताना एकदम वीस मिनिटं फिरवणं टाळा. नळीत सरासरी २ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. असताना पटलालगत त्याच्या कितीतरी पट घट्ट थर बसतो आणि तिथं पुंजके बनतात. पाच मिनिटं फिरवा, पिपेटनं हलक्या हातानं मिसळा, पुन्हा फिरवा. १० किलोडाल्टनचं रिजनरेटेड सेल्युलोजचं पटल चालेल. व्हॉर्टेक्स कधीच नाही. फेस म्हणजे हवा-पाण्याची प्रचंड सीमा आणि प्रोटीन त्या सीमेवर उलगडतं. पॉलिसॉर्बेट २० चं काम हे आहे: सीमेवर आधी जाऊन जागा अडवणं. ०.०१ ते ०.०२ टक्के पुरे. डायसल्फाइड बंधांवर ते काहीही करत नाही. उलट जुन्या बाटलीतल्या पॉलिसॉर्बेटमध्ये पेरॉक्साइड साचतात आणि ते सिस्टीन-मेथिओनीनचं ऑक्सिडीकरण वाढवतात. नायट्रोजनखाली बंद केलेली छोटी बाटली घ्या आणि उघडल्याची तारीख वर लिहा.

वितळल्यावर दिसणाऱ्या तंतूंचं कारण पुन्हा पीबीएसच आहे. गोठताना डायसोडियम फॉस्फेट आधी स्फटिक बनून बाजूला होतं आणि उरलेल्या द्रवाचा पीएच तीन एककांपर्यंत घसरू शकतो. तोपर्यंत पाण्याचा बर्फ झालेला असल्यामुळे प्रोटीन आणि मीठ उरल्या थेंबभर द्रवात अनेक पटींनी घट्ट झालेले असतात. त्यात उणे २० अंश हे तापमान गैरसोयीचं. सुक्रोजच्या गोठलेल्या द्रावणाचं काचेसारखं घट्ट होण्याचं तापमान सुमारे उणे ३२ अंश आहे. म्हणजे उणे २० ला सुक्रोज असूनही आत चिकट द्रव शिल्लक असतो आणि प्रोटीन त्यात हळूहळू बिघडत राहतं. ५० ते १०० मायक्रोलिटरचे भाग करा, द्रव नायट्रोजन किंवा कोरडा बर्फ-अल्कोहोलमध्ये झटकन गोठवा आणि उणे ८० ला ठेवा. वितळवताना २५ अंशांच्या पाण्यात नळी हलक्या हातानं फिरवा. एकदा वितळवलेला भाग परत गोठवायचा नाही. उणे ८० ची सोय नसेल तर फ्रीझ-ड्राय करणं हा खरा मार्ग आहे.

मोजमापात एक सापळा आहे. एसईसी कॉलमवर (रेणू आकारानुसार वेगळे करणारा) एकच सुरेख शिखर दिसलं म्हणून निश्चिंत होऊ नका. धनभारित एफजीएफ-२ कॉलमच्या भरणाला चिकटतं आणि मोठे पुंजके तर सुरुवातीच्या जाळीवरच अडकतात, शिखरात येतच नाहीत. वाहत्या बफरमध्ये ०.३ ते ०.५ मोलर मीठ किंवा ०.२ मोलर आर्जिनीन ठेवा. तोच नमुना कॉलम काढूनही एकदा सोडा आणि दोन्हींचं क्षेत्रफळ ताडून बघा. फरक जितका, तितकं प्रोटीन कॉलमनं खाल्लं. डीएलएसमध्ये (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजण्याची पद्धत) विखुरणं त्रिज्येच्या सहाव्या घातात वाढतं, म्हणून एक-दोन मोठे कणही चित्र झाकून टाकतात. नमुना फिरवण्याआधी आणि फिरवल्यानंतर, दोन्ही वेळा मोजा. सुटा रेणू साधारण २ नॅनोमीटर त्रिज्येचा दिसायला हवा.

क्रिया निम्मी येण्याचं आणखी एक अगदी साधं कारण असू शकतं. पेशींच्या चाचणीसाठी तुम्ही प्रोटीन नॅनोग्रॅमपर्यंत विरळ करता. तेव्हा नळीची भिंतच बराचसा माल ओढून घेते. विरळ करायच्या द्रावणात ०.१ टक्के बीएसए (गाईचं अल्ब्युमिन) घाला आणि कमी चिकटणाऱ्या पॉलीप्रॉपिलीन नळ्या वापरा. चाचणीत हेपारिन १ ते १० मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. ठेवून आणि न ठेवता असे दोन्ही वक्र काढा. हेपारिन घडीला आधार देतं. हेपारिन असताना दोन बॅचमध्ये फरक नाही आणि नसताना आहे, असं दिसलं तर कमी क्रियेच्या बॅचची घडी कमजोर आहे. या जातीच्या रेणूंना असा बहुऋणभारित जोडीदार लागतो. आम्लपित्तावर मेडिकलमध्ये मिळणारं सुक्राल्फेट हे सुक्रोज ऑक्टासल्फेटचं ॲल्युमिनियम क्षार, आणि तेही एफजीएफ-२ ला धरून स्थिर करतं.

७८ आणि ९६ च्या सिस्टीन सेरीनमध्ये बदलल्या तर डायसल्फाइडचा त्रास मुळातून जातो आणि क्रिया टिकते. संशोधनासाठी हा बदल खुशाल करा. औषधासाठी तो निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावा लागतो, कारण बदललेला रेणू नियामकाच्या दृष्टीनं नवा रेणू ठरतो. असा मार्ग आधी यशस्वी झालेला आहे: २००४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं पालिफर्मिन हे औषध म्हणजे केजीएफ या दुसऱ्या वाढघटकाची पहिली २३ अमिनो आम्लं काढलेलं रूप. त्या तुकड्यात दोन सिस्टीन होत्या. त्या गेल्यानं रेणू अधिक स्थिर झाला आणि हिस्टिडीन, मॅनिटॉल, सुक्रोज, पॉलिसॉर्बेट २० यांच्यासह पीएच ६.५ ला भुकटी करून व्हायलमध्ये भरता आला.

बीएमपी-२ चं दुखणं वेगळं आहे. तो डायसल्फाइडनं बांधलेला डायमर आहे आणि ते बंध हवेच असतात, म्हणून डीटीटी तिथं विषासारखं. उदासीन पीएचला, तेही फॉस्फेट आणि मीठ असताना, त्याची विद्राव्यता फार कमी असते. ई. कोलायमध्ये बनवलेल्या रेणूवर साखरेच्या साखळ्या नसतात, त्यामुळे तो सीएचओ पेशींतल्यापेक्षाही (हॅम्स्टरच्या पेशींत बनवलेल्यापेक्षाही) कमी विरघळतो. २००२ मध्ये मान्यता मिळालेलं बीएमपी-२ चं औषध १.५ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. इतकं घट्ट राहतं ते पीएच ४.५ ला, ग्लायसीन, ग्लुटामिक आम्ल, सुक्रोज आणि पॉलिसॉर्बेट ८० यांच्या जोरावर. तुमच्या सहकाऱ्यांनी साठ्याचं द्रावण ४ मिलीमोलर हायड्रोक्लोरिक आम्लात किंवा वरच्यासारख्या बफरमध्ये करावं आणि माध्यमात टाकताना अखेरचं प्रमाण मायक्रोग्रॅमच्या खाली ठेवून ढवळत्या द्रवात थेंबाथेंबानं सोडावं.

फिलग्रास्टिम, म्हणजे पांढऱ्या रक्तपेशी वाढवणारं जी-सीएसएफ, हे याच तत्त्वाचं रोजचं उदाहरण. केमोथेरपीनंतर ते सोलापूर-बार्शीकडे नेहमी वापरलं जातं. उदासीन पीएचला ते साकळतं, म्हणून पीएच ४ ला, मीठ न घालता सॉर्बिटॉलसह दिलं जातं. भारांचं प्रतिकर्षणच त्याला सुटं ठेवतं आणि सलाइनमधलं मीठ ते प्रतिकर्षण झाकून टाकतं. म्हणूनच ते सलाइनमध्ये विरळ करू नये, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये करावं, असं सूचनापत्रात असतं. ५ ते १५ मायक्रोग्रॅम प्रति मि.लि. इतकं विरळ करायचं असेल तर नळीला चिकटू नये म्हणून २ मि.ग्रॅ. प्रति मि.लि. अल्ब्युमिन घालायला सांगितलेलं असतं.

जखमेच्या जेलकडे वळताना कार्बोमर (जेल घट्ट करणारा पॉलिमर) टाळा. तो इतका ऋणभारित असतो की एफजीएफ-२ त्यात अडकून बसतं, जखमेपर्यंत सुटत नाही. सोडियम सीएमसीही (कार्बोक्सीमिथाइल सेल्युलोज) ऋणभारित आहे. पीडीजीएफ या वाढघटकाचं १९९७ पासूनचं ०.०१ टक्के जेल त्यातच आहे, पण त्यात लायसीन आणि मीठही आहे. आधी हायड्रॉक्सीइथाइल सेल्युलोज घेऊन ३२ अंशांवर २४ तासांत किती प्रोटीन सुटतं ते मोजा. परिरक्षक निवडताना सावध राहा. बेंझिल अल्कोहोल आणि मेटा-क्रेसॉल घडी सैल करतात. ते घातल्यावर प्रोटीनची घडी उलगडण्याचं तापमान किती घसरतं ते बघूनच ठरवा. ईजीएफ या वाढघटकावर आधारलेल्या जेलची कृती उचलून आणू नका. ५३ अमिनो आम्लांचं, तीन डायसल्फाइडनी घट्ट बांधलेलं ईजीएफ उष्णता सोसतं, तुमचं एफजीएफ-२ ३७ अंशांवर दिवसभरही धड टिकत नाही.

हे जेल आत्ता कुठल्याही रुग्णाच्या जखमेला लावू नका, अगदी ओळखीतल्या रुग्णालाही नाही. साकळलेलं प्रोटीन शरीराला परकं वाटू शकतं आणि त्याविरुद्ध बनलेली प्रतिपिंडं शरीराच्या स्वतःच्या वाढघटकालाही निकामी करू शकतात. एरिथ्रोपोइटिनच्या (तांबड्या रक्तपेशी बनवायला लावणारं संप्रेरक) एका औषधातून १९९८ मध्ये अल्ब्युमिन काढून पॉलिसॉर्बेट ८० घातलं गेलं. पुढच्या काही वर्षांत मूत्रपिंडाच्या रुग्णांत तांबड्या रक्तपेशी बनणंच थांबल्याच्या घटना वाढल्या. रबरी बुचातून झिरपलेल्या पदार्थांवर आणि पुंजक्यांवर तेव्हा संशय घेतला गेला. एका घटकाची अदलाबदल इतकी दूर पोचते. प्राण्यांवरच्या आणि माणसांवरच्या चाचण्या आरसीजीएम (जनुकीय फेरबदलांवरची सरकारी समिती) आणि सीडीएससीओ (केंद्रीय औषध नियामक) यांच्या परवानगीनंतरच.

राहिला प्रवास. पुणे किंवा हैदराबादहून महामार्गानं येणाऱ्या पार्सलमध्ये उन्हाची भीती सगळ्यांना असते, पण खोक्यात उणे २० ची बर्फपिशवी व्हायलला थेट टेकली तर आत प्रोटीन गोठतं. लसीकरणाच्या आरोग्यसेविका करतात तसंच करा: पिशवी बाहेर काढून ठेवा, हलवल्यावर आत पाणी हलल्याचा आवाज आला की मगच खोक्यात भरा, आणि व्हायल व पिशवी यांच्यात पुठ्ठा घाला. खोक्यात एक तापमान-नोंदक टाका आणि उघडताक्षणी आलेख उतरवून घ्या.

पाच नळ्यांचे आकडे, २६०/२८० चं गुणोत्तर आणि डीटीटीसह-डीटीटीविना जेलचा फोटो एवढं हाती आलं की कोणत्या पायरीला हात घालायचा ते सांगता येईल. ईडीटीएची पडताळणी आज रात्रीच लावता येण्यासारखी आहे.